मार्गदर्शक प्रकरण वाचत नसतील, तर आधी पोच घ्या

प्रश्न : "पीएच.डी.ची नोंदणी होऊन तीन वर्षे झाली. मार्गदर्शक सर प्रबंधाची प्रकरणे वाचत नाहीत आणि संशोधन सल्लागार समितीसमोर मात्र माझीच प्रगती कमी असल्याचे सांगतात. मार्गदर्शक बदलावा का?"

उत्तर : तुमचे दुसरे वाक्य वाचले आणि लिहायला बसले, कारण नेमके हेच माझ्या बाबतीत घडले होते आणि त्यावरून विभागात झालेला वाद आजही मिटलेला नाही.

माझा विषय सांगली जिल्ह्यातील सहकारी उपसा जलसिंचन संस्थांच्या अर्थव्यवहाराचा होता. संस्थांची जुनी दप्तरे, थकीत वीजबिले आणि सभासदांकडील पाणीपट्टीची वसुली यांवर आधारलेले तिसरे प्रकरण मी विभागाच्या कार्यालयात आवक नोंदवून सरांकडे दिले आणि माझ्याजवळ राहणाऱ्या स्थळप्रतीवर तारखेचा शिक्का घेतला. त्यामागे अविश्वास नव्हता. आधी काही काळ मी बँकेत नोकरी केली होती. कागद हातातून गेला की त्याची पोच घ्यायची, ही सवय तिथली. पुढचे सत्र संपले तरी प्रकरण परत आले नाही. विचारले की "बघतो" एवढेच उत्तर मिळे, आणि मधल्या काळात सहामाही प्रगती अहवालावर मात्र सरांनी "समाधानकारक" असा शेरा मारून सही केली होती.

समितीच्या बैठकीत बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी तिसऱ्या प्रकरणाची चौकशी केली. "बाई नोकरी सांभाळून करतात, अजून लिहून झालेले नाही," असे सरांनी सांगितले. मी स्थळप्रत टेबलावर ठेवली. तज्ज्ञांनी शिक्क्यावरची तारीख वाचली आणि काही न बोलता प्रत शेजारच्या सदस्याकडे सरकवली. सरांनी कपाटातून मूळ प्रत काढली, तेव्हा पहिल्या काही पानांच्या समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या आणि त्यापुढची पाने जशीच्या तशी कोरी होती. महिनाभरात लेखी अभिप्रायासह प्रकरण परत करावे, असे इतिवृत्तात नोंदवले गेले. सरांनी ते मुदतीत परत केले आणि त्यांचे अभिप्राय अतिशय मोलाचे होते. पाणीपट्टीच्या थकबाकीची त्यांनी सुचवलेली वर्षवार फोड हाच पुढे माझ्या शोधनिबंधाचा गाभा झाला. सांगायचे ते हेच, की त्यांच्याकडे ज्ञान होते आणि माझ्याकडे काम तयार होते, तरीही एक सत्र वाया गेले.

बैठकीनंतर विभागातील एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मला सुनावले, की गुरूकडून पोच घ्यायची नसते. आज मी स्वतः मार्गदर्शक आहे, माझ्या विद्यार्थ्यांना प्रकरण मिळाल्याची पोच मीच देते, आणि ते प्राध्यापक अजूनही याला "कारकुनी" म्हणतात. माझे मत स्पष्ट आहे : ज्या नात्याला एका तारखेची अडचण होते, त्या नात्याचा आदर विद्यार्थ्याने स्वतःची वर्षे खर्चून राखू नये.

यात प्रत्येकाचा हिशेब वेगळा असतो, हे मला मार्गदर्शक झाल्यावर अधिक कळले. विद्यार्थी महिने मोजतो. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये झाली, पण ती सर्वांना नसते. अनेक जण तासिका तत्त्वावर शिकवून प्रबंध लिहितात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीनुसार पीएच.डी.ची मुदत किमान तीन व कमाल सहा वर्षे असते, म्हणून त्यांना एक सत्रही फार महाग पडते. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास अध्यापन, त्यावर उत्तरपत्रिका आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली असतात. पदोन्नतीच्या गुणांकनात विद्यार्थ्याला पदवी मिळाली तर 10 गुण आणि प्रबंध सादर झाला तर 5 गुण आहेत; एखादे प्रकरण वेळेवर वाचून देण्याला एकही गुण नाही. समितीसमोर तर सहामाही अहवालाचा कागदच असतो, आणि त्या समितीचा निमंत्रक तुमचा मार्गदर्शकच असतो. प्रगती असमाधानकारक असेल तर कारणे नोंदवून उपाय सुचवण्याची तरतूद आहे, पण ती विद्यार्थ्याच्या प्रगतीबद्दल आहे. मार्गदर्शकाकडे प्रकरण किती काळ पडून होते, हे तुम्ही दाखवल्याशिवाय समितीला कळायला मार्ग नाही.

म्हणून आजपासून प्रत्येक प्रकरण ईमेलने आणि शक्य असल्यास कार्यालयात आवक नोंदवून द्या. पत्रात तक्रारीचा सूर नको. "प्रकरण सादर करीत आहे, कृपया अभिप्राय मिळावा" एवढे पुरे. पुढच्या सहामाही अहवालात सादर केलेल्या प्रकरणांच्या तारखा स्वतः लिहा आणि बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत मागून घ्या. कोणी याला उद्धटपणा म्हटले तर म्हणू द्या. जो मार्गदर्शक खरोखर वाचतो, त्याला या नोंदींचा त्रास होत नाही. उलट त्याचे श्रमही कागदावर येतात, हे त्या ज्येष्ठांना मी कित्येकदा सांगितले आहे.

मार्गदर्शक बदलण्याबाबत सांगायचे तर नियम विद्यापीठागणिक वेगळे आहेत, आणि अनेक ठिकाणी जुन्या मार्गदर्शकांचे ना हरकत पत्र लागते, त्यामुळे भांडण करून बाहेर पडणे सोपे नसते. तीन वर्षे झाल्यावर विषयासह नवे मार्गदर्शक मिळवण्यात बराच वेळ जातो. छळ, पैशांची मागणी किंवा घरची कामे सांगणे असा प्रकार असेल, तर मात्र एक दिवसही न थांबता विभागप्रमुखांकडे आणि विद्यापीठाच्या तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज करा. मी सामाजिक शास्त्रांतली आहे. प्रयोगशाळेच्या विषयांत उपकरणे आणि प्रकल्पाचा निधी मार्गदर्शकाच्या हाती असतो, तिथे माझा सल्ला जसाच्या तसा लागू पडणार नाही. तुमचे सर आजारी असतील किंवा त्यांच्यावर दोन माणसांचे काम पडले असेल, तर ते आधी विचारून घ्या, मात्र प्रकरण देताना पोच तेव्हाही घ्याच.