पवई मुळात एका माणसाची शेतीवाडी होती

'मुंबईच्या पवईला पूर्वी फक्त शेती होती म्हणतात, मग तिथे एवढं शहर कसं उभं राहिलं?' असा तुमचा प्रश्न आहे. शेती होती हे खरं, पण ती सुट्या सुट्या शेतकऱ्यांची नव्हती. सगळी मेख तिथेच आहे.

१७९९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने साष्टी बेटावरची पवई आणि आसपासची गावं डॉ. स्कॉट नावाच्या सर्जनला खंडाने दिली. पुढे १८२९ मध्ये ती फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी व्यापाऱ्याकडे आली. हा गृहस्थ मला फार आवडतो. त्याने पडीक रानात विहिरी खोदल्या, रस्ते काढले, ऊस आणि नीळ लावली, रेशमासाठी तुती लावली, आंब्याच्या बागा उभ्या केल्या. गव्हर्नर जॉन माल्कम १८३० मध्ये स्वतः येऊन हे सगळं पाहून गेला. पवई, तिरंदाज, पासपोली, तुंगवे, साकी ही नावं तुम्हाला आजही रस्त्यांवर आणि बसच्या पाट्यांवर दिसतील. ती त्या काळातल्या गावांची आहेत.

तलाव मात्र फ्रामजीच्या काळातला नाही. मुंबईत पाण्याची ओढाताण होती म्हणून पालिकेने तो १८९०-९१ च्या सुमारास घाईने बांधला आणि पाणी पिण्यालायक नाही म्हणून लवकरच सोडूनही दिला. त्यानंतर कितीतरी वर्षं इथे विशेष काही घडलं नाही. १९५८ मध्ये आयआयटी सुरू झाली, लवकरच ती इथे आली आणि तलावाकाठचं रान पहिल्यांदा शहराच्या हिशेबात आलं. शेजारी कारखानेही होते.

आजची उंच इमारतींची पवई १९८६ च्या करारातून आली. राज्य सरकार, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि जमीनमालकांच्या वतीने विकासक, असा तो त्रिपक्षीय करार होता. विकासकाला सुमारे २३० एकर जमीन, हेक्टरी एक रुपया दराने, ८० वर्षांच्या भाडेपट्ट्याने. एवढी जमीन सलग हाती आली म्हणूनच रस्ते, चौक, बागा असं सगळं एका आराखड्यात बसवता आलं. मुंबईच्या दुसऱ्या उपनगरांत तुकड्या-तुकड्यांनी प्लॉट पडत गेले, तिथे हे शक्यच नव्हतं.

पण जमीन इतकी स्वस्त देताना एक अट होती: निम्मी घरं ४० चौरस मीटरपर्यंतची आणि उरलेली ८० पर्यंतची, म्हणजे सामान्य माणसाला परवडतील अशी. प्रत्यक्षात तिथे मोठमोठे आलिशान फ्लॅट उभे राहिले. लोक कोर्टात गेले. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, आधी ही लहान घरं बांधा, बाकीचं बांधकाम नंतर, असा आदेश दिला. पवईचा इतिहास सांगताना बहुतेक जण तलाव आणि आयआयटीवर थांबतात, हा भाग गाळतात. मला तो फ्रामजीच्या आंब्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण ज्या सामान्य माणसांसाठी म्हणून ती जमीन हेक्टरी एक रुपयात दिली त्यांना तिथे घर मिळायचं होतं.