३३८ चा नंबर बिमिनीला चालत नाही

प्रश्न : मायामीत आमची २८ फुटी बोट आहे. गेल्या वर्षी व्हीएचएफ (बोटीवरचा रेडिओ) आणि एआयएस (बोट कुठे आहे ते इतर बोटींना आपोआप कळवणारं यंत्र) बसवलं. बोटयूएस या बोटमालकांच्या संघटनेकडून फुकट एमएमएसआय नंबर (रेडिओवर बोटीची ओळख सांगणारा) घेऊन दोन्हींत भरून टाकला. दीड महिन्याने बिमिनीला जायचंय. मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको जोडीदाराच्या एच-४वर (ईएडी, म्हणजे नोकरीचा परवाना, नाही). खासगी बोटीला रेडिओचं लायसन लागत नाही, हे खरं ना?

उत्तर : निम्मं खरं. एफसीसीच्या, म्हणजे रेडिओचे परवाने देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या, नियमांतला ८०.१३ उघडा. कायद्याने ज्या बोटीवर रेडिओ सक्तीचा नाही, तिला वेगळं लायसन लागत नाही. पण ती परदेशी बंदराला लागत नसेल आणि परदेशाशी रेडिओवर बोलत नसेल, तरच. बिमिनी मायामीपासून जेमतेम ५० मैलांवर असली, तरी बहामाजमध्ये आहे. तिथे धक्क्याला लागलात की सवलत संपली. फुकटचा नंबर फक्त देशांतर्गत वापरासाठी, हे तो घेतानाच लिहिलेलं असतं. ते न वाचता पुढे गेलेले तुम्ही पहिले नाही, पण त्याची किंमत आता वेळ घालवून मोजायची आहे.

कारण लायसन मिळणं हे त्यातलं सोपं काम. एफसीसीच्या CORES या नोंदणीच्या साइटवर एफआरएन (तुमचा नोंदणी क्रमांक) काढा, यूएलएस या लायसनच्या साइटवर फॉर्म ६०५ भरून शिप स्टेशनचं (बोटीवरच्या रेडिओचं) लायसन मागा आणि त्याच अर्जात नवा एमएमएसआय मागा. लायसन १० वर्षांचं असतं. फी अर्ज करतानाच पाहा, ती बदलते. बोटयूएसचा ३३८ ने सुरू होणारा नंबर एफसीसी चालवून घेत नाही.

खरी अडचण इथे आहे. बहुतेक व्हीएचएफ संच नंबर एकदा, फार तर दोनदा भरू देतात. मग मेनू कुलूपबंद. पुढे संच डीलरकडे किंवा कंपनीकडे पाठवावा लागतो. एआयएस क्लास बीचा (छोट्या बोटींवरच्या प्रकाराचा) नंबर तर अमेरिकेत मालकाने स्वतः भरायचाच नसतो, तो डीलर भरतो. तुम्ही ‘भरून टाकला’ म्हणता, ते कसं, हे मी विचारत नाही. म्हणून अर्ज याच आठवड्यात करा आणि नवा नंबर हातात येण्याआधीच डीलरची तारीख धरा. जुना नंबर बोटयूएसकडे रद्द करायलाही विसरू नका. तो आंतरराष्ट्रीय यादीत जात नाही. उद्या तिकडे संकटात रेडिओवरचं लाल बटण दाबलंत, तर बाहेरच्या बचाव केंद्राला नंबर दिसेल, पण बोट कोणाची ते सापडणार नाही.

सोबत रेस्ट्रिक्टेड रेडिओटेलिफोन परमिटही (रेडिओ चालवणाऱ्या माणसाचा परवाना) लागेल. परीक्षा नाही, आयुष्यभर चालतं. पण अमेरिकेत नोकरी करायला पात्र आहोत, असं अर्जात लिहून द्यावं लागतं. एच-१बीवर हरकत नसावी. ईएडीशिवाय एच-४वर ते लिहून देता येत नाही, म्हणून लायसन आणि परमिट दोन्ही तुमच्या नावावर घ्या. तुम्ही संचापाशी असताना बायकोने बोलायला हरकत नाही. हातातला व्हीएचएफ मात्र धक्क्यावर उतरून वापरू नका, लायसन बोटीचं आहे.

बिमिनीत कोणी कागद मागेलच असं नाही. पण तुमच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला असेल, तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा. कॅनडा-मेक्सिकोहून संपलेल्या शिक्क्यावर परतताना एच-१बीला मिळणारी सूट बहामाजला लागू नाही.