ताट वेगळं कशाला?

प्रश्न : माझ्या धाकट्या जावेच्या पाठीवर चट्टे उठले, डाव्या हाताची करंगळी बधिर झाली. सरकारी दवाखान्यात कुष्ठरोग सांगितला. १२ महिन्यांच्या गोळ्या आहेत. चौथ्या महिन्यात ती काळवंडली, तशा सासूबाई म्हणू लागल्या, ‘महारोगच हा, मागच्या जन्मीचं फेडतेय.’ ताट-तांब्या वेगळा केलाय. दीर सोडचिठ्ठीचं बोलतोय. मी काय करू?
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, आधी काळेपणाचं. पाकिटातल्या क्लोफाझिमिनच्या गोळीनं कातडी काळवंडते. गोळ्या संपल्या की हळूहळू उजळते. महिन्याच्या मोठ्या डोसानंतर लघवी लालसर होते, ती रिफॅम्पिसिननं. हे सासूबाईंना तुम्हीच सांगा. जाऊ सांगायला गेली तर सारवासारव वाटेल.

भांड्यांतून हा रोग पसरत नाही, आणि औषध सुरू झालं की संसर्गही लवकरच थांबतो. तिला पंगतीत घ्या. घरातल्या सगळ्यांनी तपासून मात्र घ्या, सासूबाईंनीसुद्धा! मागच्या जन्माचं म्हणाल, तर जंतू नॉर्वेच्या हॅन्सेननं १८७३ सालीच दाखवलाय.

माझी खरी काळजी तिच्या करंगळीची. भाकरी थापताना, उलटताना तवा लागला तरी तिला कळणार नाही. जखम चिघळते, बोट आखडतं, आणि मग लोक म्हणतात ‘बोटं झडली’. हाताशी जाड फडकं, सांडशी ठेवा. रात्री दिव्याखाली तळहात बघायची सवय लावा. करंगळी वाकू लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दिराला सांगा, कुष्ठरोग हे कारण २०१९ मध्ये घटस्फोटाच्या कायद्यांतून काढून टाकलंय.

राहिला ‘महारोग’ हा शब्द. त्यात मीही दोषी. कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून तीस वर्षं गावोगाव सायकल हाणली, बॉलपेनच्या टोकानं चट्टे तपासले, आणि एका पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात ठोकून दिलं, ‘दारू हा गावाला लागलेला महारोग आहे!’ टाळ्या पडल्या. मागं माझाच एक बरा झालेला म्हातारा बसला होता. कार्यक्रम संपल्यावर सायकलचं हँडल धरून म्हणाला, ‘साहेब, माझा रोग बारा पाकिटांत सुटला. यांची दारू कितीत सुटते?’