विचारा मनमोकळं: बीट, बीपी, ग्रहण आणि माहेरची वाट

या महिन्यात हिमोग्लोबिनवरच्या प्रश्नांचा ढीग आलाय, त्यामुळे तो प्रश्न पहिला घेते आणि त्याला जागाही जास्त देते. बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न: मॅडम नमस्कार. मला २२वा आठवडा चालू आहे, पहिलीच वेळ. हिमोग्लोबिन ८.६ आलंय. लोहाच्या दोन गोळ्या रोज सांगितल्यात पण घेतल्या की मळमळतं, संडास काळी होते. सासूबाई म्हणतात या गोळ्यांनी बाळ काळं होतं आणि पोटात जास्त मोठं होऊन सिझर करावं लागतं. त्या रोज बीट किसून आणि डाळिंब सोलून देतात. एक महिना नीट बीट खाल्लं आणि गोळ्या बंद ठेवल्या तर चालेल का? – वाचक, बार्शी

नाही चालणार. सासूबाई बीट किसून देतायत, डाळिंब सोलून देतायत, म्हणजे माया आहे आणि ते खाच, पण बीट लाल म्हणून त्यानं रक्त वाढतं हे काही खरं नाही हो. १०० ग्रॅम बीटात लोह १ मिलिग्रॅमसुद्धा नसतं, डाळिंबात त्याहून कमी, आणि गरोदर बाईची रोजची गरज २७ मिलिग्रॅमच्या आसपास. सरकारी दवाखान्यात मिळते त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. म्हणजे एका गोळीइतकं लोह मिळवायला किती किलो बीट किसावं लागेल बघा, आणि एवढं करूनही भाजीतलं लोह अंगाला फार कमी लागतं.

रक्त कमी का होतं तेही सांगते, कारण पुष्कळ जणींना वाटतं आपणच काहीतरी खाण्यात चुकलो. गरोदरपणात अंगातलं रक्त वाढतं, पण त्यातला पातळ भाग जवळजवळ निम्म्यानं वाढतो आणि तांबड्या पेशी तेवढ्या वाढत नाहीत, त्यामुळे सगळ्यांचंच हिमोग्लोबिन थोडं उतरतं आणि ते धरूनच ११ ही रेषा ठरवलीय. त्याच्या खाली गेलं की रक्त कमी, १०च्या खाली मध्यम, ७च्या खाली गंभीर. तुम्ही मध्यम गटात. एकट्या नाही आहात, २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांचं रक्त कमी निघालं होतं. बाळ, वार (गर्भाशयात बाळाला पोसणारा भाग), आईच्या नव्या पेशी आणि बाळंतपणात जाणारं रक्त हे सगळं मिळून नऊ महिन्यांत साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं आणि आपल्यातल्या बऱ्याच मुलींच्या अंगात लग्नाआधीपासूनच शिल्लक नसते.

आता काळं बाळ. बाळाचा रंग आई-बापाकडून येतो, गोळीतून नाही. (आणि आला काळा, तर काय बिघडलं?) काळी होते ती संडास, कारण न शोषलेलं लोह तिथून बाहेर पडतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बाळ मोठं होऊन सिझर हेही उलटंच आहे, रक्त कमी राहिलं तर बाळ कमी वजनाचं होण्याची आणि दिवस भरायच्या आधी होण्याची शक्यता वाढते. आणि खरी भीती असते बाळंतपणाच्या वेळची. जिचं हिमोग्लोबिन १२ आहे ती थोडं जास्त रक्त गेलं तरी सावरते, ८ असलेली तेवढ्याच रक्तस्रावात अत्यवस्थ होऊ शकते.

मळमळीवर उपाय आहेत. दोन्ही गोळ्या एकदम घेऊ नका, एक सकाळी न्याहारीनंतर तासाभरानं आणि एक रात्री झोपताना. मळमळ फारच असली तर जेवणानंतर लगेच घ्या, थोडं कमी शोषलं जाईल पण गोळी कपाटात राहण्यापेक्षा ते बरं. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतली तर उत्तम. चहाबरोबर अजिबात नाही, चहा आणि गोळीत निदान तासभर जाऊ द्या, आणि जेवल्या जेवल्या चहा घ्यायची सवय असेल तर तीही सोडा. कॅल्शियमची गोळी लोहाबरोबर घेऊ नका, मध्ये दोन तास ठेवा. हे मी मुद्दाम सांगतेय कारण सगळ्या गोळ्या एका मुठीत घेऊन मोकळ्या होणाऱ्या खूप जणी आहेत आणि मग म्हणतात, गोळ्या घेऊन पण रक्त वाढत नाही. तरीही पोटाला सोसत नसेल तर डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्या, स्वतःच्या मनानं बंद करू नका.

महिन्यानं परत तपासा, निदान १ ग्रॅमनं तरी वाढायला हवं. नाही वाढलं तर डॉक्टरांना सरळ विचारा की सिकलसेल, थॅलेसेमिया (हे रक्ताचे आनुवंशिक आजार) आणि बी-१२ची कमतरता बघायची का. विशेषतः माहेर विदर्भातलं किंवा नंदुरबारकडचं असेल तर सिकलसेलची तपासणी राहू देऊ नका. जंताची गोळी, अल्बेंडाझोल ४००, तीन महिने उलटल्यावर एकदा देतात, ती घेतलीत का तेही आठवा. शिरेतून लोह देण्याची सोय आता बऱ्याच सरकारी रुग्णालयांतही आहे, पहिले तीन महिने सोडून ते देता येतं.

आणि बिटाच्या जोडीला मोड आलेल्या मटकीची उसळ, मेथी, राजगिऱ्याची भाजी, वर लिंबू, खात असाल तर मटण-मासे. सासूबाईंना हे वाचून दाखवा, मी सांगितलं म्हणून सांगा, तुमच्यावर राग नको.

प्रश्न: सातव्या महिन्यात ग्रहण येतंय. आई म्हणते दिवसभर अन्नपाणी नाही, एका जागी बसायचं, चाकू-सुईला हात लावायचा नाही, नाहीतर बाळाचा ओठ फाटतो. माझा विश्वास नाही पण मनात भीती आहेच. – वाचक, सांगली

बाळाचा वरचा ओठ दुसऱ्या महिन्याच्या आत जुळलेला असतो, तोंडातली टाळू त्यानंतर काही आठवड्यांत. सातव्या महिन्यात तुम्ही अख्खी भाजी मंडई चिरलीत तरी तो फाटणार नाही. आईच्या समाधानासाठी चाकू बाजूला ठेवायचा तर ठेवा, कोणाचं काय जातं, पण पाणी आणि जेवण सोडू नका, आणि शुगर असेल, इन्शुलिन चालू असेल तर उपाशी राहणं सरळ धोक्याचं आहे. उघड्या डोळ्यांनी सूर्यग्रहण बघू नका एवढं मात्र खरं, ते गरोदर असो नसो सगळ्यांनाच लागू.

प्रश्न: ३३ आठवडे. पाय सुजतात म्हणून दाखवायला गेले तर बीपी १४६/९४ निघालं, परत मोजलं तरी तेवढंच. लघवी तपासायला सांगितली आणि गोळी चालू केली. आठ दिवस घेतली, मला काहीच त्रास नाही, डोकं दुखत नाही, म्हणून बंद केली. नणंद म्हणते मीठ पूर्ण सोड, बीपी आपोआप उतरतं, आणि अगदीच वाटलं तर सासऱ्यांची बीपीची गोळी अर्धी घे. – वाचक, नाशिक

आज गोळी परत सुरू करा आणि आजच डॉक्टरांना फोन करून सांगा की मध्ये बंद केली होती. मासिक हातात आहे तोवरच करा, पुढचं नंतर वाचा.

बीपीची अडचण हीच की ते दुखत नाही. १४०/९० किंवा वर दोनदा आलं तर गरोदरपणात ते जास्तच धरतात, बाईला कितीही ठणठणीत वाटत असलं तरी. लघवीत प्रथिनं जायला लागली किंवा यकृत, किडनीवर ताण आला की त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात आणि पुढे जाऊन झटके येऊ शकतात. लघवीचा रिपोर्ट आणला का? पत्रात लिहिलं नाहीत. नसेल तर तोही आजच.

सासऱ्यांच्या गोळीला हात लावू नका. मोठ्या माणसांना बीपीसाठी देतात त्यातल्या टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल अशा गोळ्या पोटातल्या बाळाच्या किडनीला घातक आहेत. गरोदर बाईला लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा असली वेगळी औषधं देतात, घरातली गोळी त्यांच्या जागी चालत नाही. आणि मीठ पूर्ण सोडून हे बीपी उतरत नाही. लोणचं-पापड आवरा, भाजीत नेहमीचं मीठ असू द्या.

नुसते पाय संध्याकाळी सुजणं हे शेवटच्या महिन्यांत खूप जणींना होतं, त्याचं एवढं नाही. पण सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला, हाताच्या अंगठ्या-बांगड्या रुतायला लागल्या, डोकं थांबत नाही असं दुखतंय, डोळ्यापुढे काजवे, अंधुक दिसणं, बरगडीखाली उजवीकडे किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं (याला घरी ॲसिडिटी म्हणून जिरं-ओवा देत बसतात!), लघवी कमी होणं, यातलं काही एक झालं तरी अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले असतील तरी निघायचं. १६०/११० दिसलं तर लक्षण नसतानाही निघायचं. मशीन घरी असेल तर पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला, मग मोजा आणि वहीत लिहा, वही डॉक्टरांना दाखवा.

झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन आहे आणि ते उत्तम काम करतं. पण झटका यायच्या आधी दवाखान्यात असणं कधीही चांगलं. आणि डॉक्टर ३७व्या आठवड्याच्या सुमाराला बाळंतपण करून घेऊ म्हणाले तर "दिवस भरायच्या आत कशाला" असं म्हणून भांडू नका, या आजारावर खरा उपाय बाळंतपण हाच आहे.

प्रश्न: केशराचं दूध घेतल्यानं बाळ गोरं होतं का? – वाचक, ठाणे

नाही. दूध प्या, केशराचे पैसे वाचवा.

प्रश्न: माझी भावजय चार महिन्यांची आहे. घरानं उचल (आगाऊ रक्कम) घेतलीय त्यामुळे दिवाळीनंतर जोडीनं ऊसतोडीला जावंच लागणार, कोल्हापूरकडे. तिकडे फडावर असताना तपासणीचं कसं करायचं? – वाचक, धारूर, जि. बीड

तुमच्या पत्रात "जावंच लागणार" आहे, त्यामुळे जाऊ नका असं इथे बसून सांगण्यात अर्थ नाही. जायच्या आधी जेवढं करता येतं ते सांगते.

गाव सोडायच्या आधी आशाताईंकडे नोंदणी आणि माता-बाल संरक्षण कार्ड झालंच पाहिजे. वजन, बीपी, हिमोग्लोबिन, लघवी, शुगर, एचआयव्ही, रक्तगट, हे सगळं कार्डावर लिहून घ्या. टीडीचं (धनुर्वात-घटसर्पाचं) पहिलं इंजेक्शन घ्या, दुसरं चार आठवड्यांनी असतं, ते तिकडच्या उपकेंद्रात घेता येतं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या दोन महिन्यांच्या मागून घ्या, संकोच करू नका. बाळाचे अवयव बघायची सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांच्या सुमाराला असते, म्हणजे निघायच्या तारखेच्या आसपासच येईल, ती करूनच पाठवा. कार्ड कोपीत (झोपडीत) ठेवू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्याजवळच असू द्या, कारण टोळी या फडावरून त्या फडावर हलते.

कार्ड कुठल्याही सरकारी दवाखान्यात चालतं, तुमचा जिल्हा वेगळा म्हणून परत पाठवता येत नाही. कोपी पडल्या की पहिल्या आठवड्यात तिथली आशा किंवा उपकेंद्राची सिस्टर कोण ते शोधून नाव सांगून ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात गरोदर बायकांना डॉक्टरांकडून मोफत तपासतात, ती तारीख मुकादमाला आधीच सांगून ठेवा, खाडा पडतो म्हणून तपासणी चुकते हे मला ठाऊक आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण सगळं मोफत आहे, गाडीसाठी १०२, अडचणीला १०८.

कामाचं म्हणाल तर मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढणं बंद, ते काम जोडीदारानं किंवा टोळीतल्या दुसऱ्यानं करायचं. पाणी भरपूर प्यायचं आणि लघवी रोखून धरायची नाही. फडावर आडोसा नसतो म्हणून बायका पाणीच पीत नाहीत आणि मग लघवीला जंतुसंसर्ग होतो, गरोदरपणात त्यानं अवेळी कळा सुरू होऊ शकतात. जळजळ, थंडी-ताप आला तर दुसऱ्याच दिवशी दवाखाना. अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं तर त्याच तासाला.

प्रश्न: बायकोचं पहिलं बाळंतपण माहेरी, चिपळूणला. आम्ही पुण्यात. सातव्यात ओटी भरून पाठवायचं ठरतंय. घाटाचा रस्ता, प्रवास चालेल का? – एक नवरा, पुणे

नवऱ्यानं लिहिलेलं हे एकमेव पत्र, त्यामुळे तुमचं विशेष कौतुक. काही गुंतागुंत नसेल, वार खाली नसेल, तर सातव्यात प्रवास चालतो. गाडी सावकाश चालवा, दोन तासांनी उतरवून चार पावलं चालू द्या, सीटबेल्ट लावायचाच, पट्टा पोटावरून नाही तर पोटाखालून मांड्यांवर आणि दुसरा छातीच्या मधून. डोहाळजेवणाच्या दगदगीनंतर लगेच दुसऱ्या दिवशी पहाटे निघू नका.

पण माझी काळजी घाटाची नाही, फाइलची आहे. माहेरी गेल्यावर पहिल्या आठवड्यातच तिथल्या डॉक्टरांकडे नाव घाला, नवव्यात कळा सुरू झाल्यावर पहिल्यांदा तोंड दाखवायला जाऊ नका. सगळे रिपोर्ट मूळ प्रतीत द्या, फोनमध्ये फोटोही ठेवा. तिथे विचारा, रात्री सिझर होतं का, भूलतज्ज्ञ किती वेळात येतात, रक्त कुठून आणावं लागतं. तिचा रक्तगट निगेटिव्ह आणि तुमचा पॉझिटिव्ह असेल तर रक्तगटाच्या फरकाचा त्रास होऊ नये म्हणून २८ आठवड्यांच्या आसपास अँटी-डीचं इंजेक्शन असतं, बरोबर स्थलांतराच्या वेळेला येतं आणि पुण्याचे डॉक्टर समजतात चिपळूणला देतील, चिपळूणचे समजतात पुण्यात दिलंच असेल. ते इथेच देऊन निघा आणि कागदावर तारीख लिहून घ्या. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत दुसरं.

आणि तुम्ही पुण्यातून रोज फोनवर "जेवलीस का" विचाराल तेव्हा "बाळ फिरतंय का" हेही विचारा. दिवसातून एकदा जेवणानंतर कुशीवर पडून मोजायचं, दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. नेहमीपेक्षा कमी वाटलं तर गोड खाऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही, त्याच वेळी जाऊन बाळाचे ठोके तपासून घ्यायचे.