नातू म्हणतो, मी प्रो होणार

प्रश्न : मुलाकडे कॅनडात ब्रॅम्प्टनला सहा महिने राहून नुकतीच परत आले. दहा वर्षांचा नातू आइस हॉकी खेळतो. शनिवारी पहाटे पाचला उठून बापलेक त्या थंडीत बाहेर पडतात. बॅगेचा वास अख्ख्या गराजभर, ते एक असो. पण तो म्हणतो, मी मोठा होऊन एनएचएलमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळणार, आणि घरात यावर कुणी हसत नाही, याचीच मला काळजी वाटते. या खेळावर माणसाचं पोट भरतं का? शाळेचं काय होतं? आणि आपल्या रंगाच्या मुलाला तिथे घेतात का?
– एक आजी, सांगली

उत्तर : काकू, आधी बॅगेचं उरकून टाकू. सामान बॅगेत तसंच ठेवलं की वास येणारच. मुलाला सांगा, घरी आल्या आल्या सगळं बाहेर काढून तळघरात पंख्याखाली पसरायचं. गराजच्या गारठ्यात काही वाळत नाही.

मी शेजारच्या मिसिसागात राहतो. शनिवार-रविवारी इथल्या एका रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, घड्याळ चालवायला आणि गुण लिहायला बसतो. दोन्ही बाजूंना पेनल्टी बॉक्स आणि मध्ये माझी खुर्ची. दंड होऊन आलेलं पोर काचेला हेल्मेट टेकवून दर दहा सेकंदांनी विचारतं, किती राहिले? त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाला एनएचएलमध्येच जायचं असतं. या देशात त्या वाक्यावर हसायची पद्धत नाही. आपल्याकडे तरी गल्लीत बॅट घेऊन फिरणाऱ्या पोराला कोण हसतं?

तुमचा शेवटचा प्रश्न पहिला घेतो, कारण त्याचं उत्तर आमच्याच गावचं आहे. मॅनी मल्होत्रा. जन्म 1980, मिसिसागा. वडील पंजाबी, रसायनशास्त्रातले संशोधक, आई फ्रेंच-कॅनेडियन. त्याच्याआधी भारतीय वंशाचा एकच जण एनएचएलपर्यंत पोचला होता : ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या डंकन गावचा रॉबिन बावा, 1989 साली, वॉशिंग्टनच्या संघाकडून. पुढे जुझार खैरा आला, अर्शदीप बैंस आला, दोघंही त्याच प्रांतातल्या सरी शहरातले. तेव्हा घेतात. पण अजून बोटांवर मोजण्याइतकेच आहेत, हेही खरं.

मल्होत्राचीच गोष्ट सांगतो, कारण या धंद्यातलं बहुतेक सगळं त्याच्या वाट्याला आलं. लोक वेन ग्रेट्झकीचं, म्हणजे हॉकीतल्या सचिनचं, उदाहरण देतात. ग्रेट्झकी देऊन उपयोग नाही, तो एकच झाला.

सोळाव्या वर्षी मल्होत्रा ग्वेल्फला गेला, ओंटारियोच्या ज्युनियर लीगमध्ये. हा टप्पा तुम्ही नीट समजून घ्या, कारण तुमच्या सुनेला तो सगळ्यात जड जाईल. लीगच्या निवडीत ज्या गावचा संघ नाव पुकारेल, त्या गावाला जायचं. राहायचं एका परक्या कुटुंबात, डबा त्या घरचा, शाळा त्या गावची. हंगामात 68 सामने, त्यातले निम्मे बाहेरगावी, तेही बसने. अभ्यास बसमध्ये. तरी लीगचा एक नियम मला आवडतो. तुम्ही जितके हंगाम खेळाल, तितक्या वर्षांची कॉलेजची फी संघ पुढे देतो. मल्होत्राला तर 1998 मध्ये खेळ आणि अभ्यास दोन्ही सांभाळल्याबद्दल लीगचं बक्षीसही मिळालं होतं, आणि तेव्हा तो संघाचा कप्तान होता. शिवाय या ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्या मुलांना अमेरिकी विद्यापीठांच्या हॉकीचं दार पूर्वी बंद असायचं. ते 2025 च्या ऑगस्टपासून उघडलंय. म्हणजे शाळा बुडतेच असं नाही. बुडवायची ठरवली तर बुडते.

मग ड्राफ्ट, म्हणजे एनएचएलची नव्या खेळाडूंची निवड. सध्या 32 संघ सात फेऱ्यांत जगभरातून 224 पोरं निवडतात, बहुतेक सगळी अठरा वर्षांची. निवड झाली म्हणजे नोकरी लागली असं नव्हे. 1998 मध्ये मल्होत्राला न्यूयॉर्क रेंजर्सने सातव्या क्रमांकावर घेतलं. सातवा म्हणजे फारच वरचा. अशा मुलाकडून गोलांचा पाऊस हवा असतो, आणि याचे गोल काही येईनात. कधी चौथ्या, म्हणजे सगळ्यात कमी खेळायला मिळणाऱ्या फळीत दहा मिनिटं, कधी परत ग्वेल्फ, कधी खालच्या लीगमध्ये हार्टफर्ड. 2002 मध्ये त्याला डॅलसला देऊन टाकलं. 2003 च्या नोव्हेंबरात डॅलसने त्याचं नाव वेव्हर्सवर टाकलं. म्हणजे हा आम्हाला नको, चोवीस तासांत कुणाला हवा तर घेऊन जा. कोलंबसने नेला. त्या चोवीस तासांत बायकोला, घरमालकाला माणूस काय सांगत असेल, असं मला नेहमी वाटतं.

कोलंबसमध्ये त्याला त्याचं काम सापडलं : फेसऑफ. खेळ थांबला की दोघं जण समोरासमोर वाकतात आणि पंच मध्ये पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, टाकतो. नातवाला दाखवायला सांगा. पकाकडे बघायचंच नाही, पंचाच्या हाताकडे बघायचं. खालचा हात काठीवर उलटा धरायचा, खांदा समोरच्याच्या खाली घुसवायचा आणि पक मागे आपल्या माणसाकडे ओढायचा. सगळा खेळ अर्ध्या सेकंदाचा. आपला एक माणूस दंडात बसलाय, आपल्या गोलपोस्टजवळ फेसऑफ आहे, अशा वेळी तो जिंकणारा माणूस संघाला सोन्याच्या भावाचा वाटतो. 2010-11 च्या हंगामात व्हँकुव्हरसाठी मल्होत्राने दहातले सहापेक्षा जास्त फेसऑफ जिंकले. टीव्हीवरच्या क्षणचित्रांत यातलं काही दिसत नाही. पण पगार त्याचाच मिळत होता.

त्याच हंगामात, 16 मार्च 2011 ला, काठीला लागून उडालेला पक त्याच्या डाव्या डोळ्यात बसला. हा पक गोठवलेला असतो, वजन एकशे सत्तर ग्रॅमपर्यंत. बऱ्याच शस्त्रक्रिया झाल्या. जूनमध्ये स्टॅनली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत पूर्ण चेहरा झाकून तो पुन्हा बर्फावर उतरला, तेव्हा व्हँकुव्हरचं अख्खं स्टेडियम उभं राहिलं. त्या फेरीच्या सातव्या, निर्णायक सामन्यात बोस्टन जिंकलं. 2013 मध्ये नजर अधू झालीये म्हणून त्याच्या भल्यासाठी संघानेच त्याला खेळवणं बंद केलं. तरी पठ्ठ्या पुढे कॅरोलायना आणि माँट्रियलकडून खेळलाच. एकूण 991 सामने, 116 गोल. 2013 पासून लीगमध्ये नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला डोळ्यांवर काच सक्तीची आहे. दातांवर नाही, दात जातात ते जातातच. तुमच्या नातवाच्या हेल्मेटला मात्र पूर्ण जाळी असते, आणि अंगावर धडका मारायला बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना 2013 पासूनच मनाई आहे.

पैशाचं थोडक्यात. एनएचएलमध्ये किमान पगार 2025-26 च्या हंगामाला 7,75,000 अमेरिकी डॉलर. खालच्या लीगमध्ये त्याच्या कितीतरी पट कमी, आणि बऱ्याच करारांत दोन आकडे लिहिलेले असतात : वर खेळलास तर हा, खाली पाठवलं तर तो. सोमवारी एक पगार, गुरुवारी दुसरा. गृहकर्ज काढायच्या वयात हा हिशोब फार पोळतो.

मल्होत्रा आता प्रशिक्षक आहे. 2025 मध्ये त्याच्या ॲबट्सफर्ड संघाने खालच्या लीगचा काल्डर कप जिंकला. त्याच संघात अर्शदीप बैंस होता, ज्याला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं. हाच कप मल्होत्राने 2000 मध्ये हार्टफर्डकडून खेळाडू म्हणून जिंकला होता, ज्या दिवसांत न्यूयॉर्कला तो नकोसा झाला होता तेव्हा.

मुलाला एवढंच सांगा : दहाव्या वर्षी खासगी कोचवर हजारो डॉलर घालू नका, आणि उन्हाळ्यात पोराला दुसरं काहीतरी खेळू द्या. बारा महिने बर्फावर राहिलेली पोरं पंधराव्या वर्षी कंटाळून काठी टाकताना मी बघतो.

प्रश्न : आइस हॉकीत मारामारी सुरू झाली की पंच नुसते बघत का उभे राहतात?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बघत नसतात, वाट बघत असतात. दोघांनी काठ्या आणि हातमोजे टाकले की लाइन्समन, म्हणजे सहायक पंच, आधी बाकीच्यांना लांब ठेवतात. दोघांतला एक पडला किंवा दमून नुसते मिठी मारून उभे राहिले की मध्ये शिरतात. आधी शिरलं तर ठोसा त्यांनाच बसतो. एनएचएलमध्ये याला पाच मिनिटांचा दंड आहे. केवळ मारामारीसाठी ठेवलेले गडी आता फारसे राहिले नाहीत, कारण चौथ्या फळीतल्या माणसालाही हल्ली वेगात स्केटिंग करावं लागतं. मुलांच्या सामन्यात मात्र हातमोजे टाकले की थेट ड्रेसिंग रूम, आणि पुढच्या सामन्यांतही बंदी.