सिग्नल प्रोसेसिंगमध्ये पीएचडी करायची आहे, पण जागा कुठे शोधायच्या?

तुम्ही विचारलंय की मास्टर्स झालंय, एस्टिमेशन थिअरी (नॉइज मिसळलेल्या मोजमापांतून खरी किंमत काढायचं गणित) आवडते, पण ‘सिग्नल प्रोसेसिंग पीएचडी’ असं सर्च केलं की जेमतेम चार जाहिराती दिसतात. मी याच विषयात पीएचडी केली आणि आता आमच्या ग्रुपकडे येणारे अर्ज वाचते, म्हणून लिहिते.

आधी शोधायचे शब्द बदला. या विषयाच्या बऱ्याच जागा त्याच्या नावाने निघतच नाहीत. एमआरआय रिकन्स्ट्रक्शनची (मोजलेल्या सिग्नलमधून चित्र तयार करण्याची) जागा बायोमेडिकलमध्ये निघते, बीमफॉर्मिंगची (अनेक अँटेना मिळून सिग्नल एका दिशेला रोखण्याची) वायरलेस किंवा रडारमध्ये. अ‍ॅरे प्रोसेसिंग (अनेक सेन्सरचे सिग्नल एकत्र वापरणं) तर भूकंपशास्त्रात आणि रेडिओ खगोलशास्त्रातही सापडतं. ‘इन्व्हर्स प्रॉब्लेम्स’ (मोजमापांवरून मूळ गोष्ट शोधणं), ‘सेन्सिंग’, ‘कॉम्प्युटेशनल इमेजिंग’ असं काही दिसलं तर जाहिरात पूर्ण वाचा, आत बहुधा तुमचंच गणित असतं.

जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन इथे पीएचडी ही बहुतेक वेळा पगारी नोकरी असते आणि एकेक जागा वर्षभरात कधीही जाहीर होते. त्यासाठी युरॅक्सेस आणि डच जागांसाठी अकॅडेमिक ट्रान्सफर ही जाहिरातींची संकेतस्थळं बघत राहा. अमेरिकेत अर्ज डिपार्टमेंटला जातो, मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या आसपास, त्यामुळे तिथे ‘जागा’ शोधून सापडायची नाही. युरोपियन युनियनच्या पैशावर चालणाऱ्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये एका प्रकल्पात अनेक जागा एकदम निघतात. अट एकच लक्षात ठेवा: भरतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किंवा मुख्य काम केलेलं नसावं.

पण मला विचाराल तर जाहिरातीच्या आधी पेपर. १९७६ पासून भरणारी आयसीएएसएसपी, युरोपातली युसिप्को, स्पीचसाठी इंटरस्पीच या परिषदांचे पेपर बघा, शिवाय अर्काइव्ह (arXiv) या पेपर मोफत ठेवणाऱ्या संकेतस्थळावरचा सिग्नल प्रोसेसिंगचा विभाग. आवडलेल्या पेपरचं आभारप्रदर्शन वाचा. कोणी वाचत नाही ते. तिथे ग्रँटचं नाव आणि क्रमांक असतो. युरोपियन युनियनचा पैसा असेल तर कॉर्डिसवर (युनियनच्या संशोधन प्रकल्पांची ऑनलाइन यादी) तो क्रमांक टाका, प्रकल्प कधी सुरू झाला आणि कधी संपतो ते कळतं. ईआरसीची (युरोपियन रिसर्च कौन्सिल) ग्रँट साधारण ५ वर्षांची असते. ती नुकतीच मिळालेले प्राध्यापक माणसं शोधत असण्याची शक्यता दाट. शेवटच्या वर्षात असलेल्यांकडे पीएचडीपुरते पैसे बहुधा उरलेले नसतात, मग तुम्ही कितीही हुशार असा.

मग मेल. ‘आपल्या संशोधनात मला तीव्र रुची आहे’ असल्या मेल आम्ही अर्ध्यात सोडतो. मी थांबते ती अशा ओळींवर: ‘तुमचा अल्गोरिदम मी स्वतः लिहून चालवला. १० डीबीच्या वर आलेख जुळतो, ० डीबीच्या खाली माझा एरर बराच जास्त येतो. नॉइज व्हेरिअन्स आधीच माहीत आहे असं धरलंय का?’ (डीबी म्हणजे इथे नॉइजच्या तुलनेत सिग्नल किती जोरदार आहे त्याचं माप, आणि नॉइज व्हेरिअन्स म्हणजे नॉइज किती आहे ते.) सोबत कोडची लिंक आणि एक पानाचा सीव्ही. बास. अशी एक मेल लिहायला आठवडा जातो, म्हणून ती पन्नास जणांना जात नाही आणि तेच बरं.

ऑफर हातात आली की ग्रुपमधल्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी प्राध्यापकांना वगळून बोला. पैसे किती वर्षांचे आहेत हे सगळेच विचारतात. तुम्ही हेही विचारा, की डेटा कोणाचा आहे आणि पेपर छापायच्या आधी कंपनीची किंवा हॉस्पिटलची परवानगी लागते का. रडार आणि मेडिकल इमेजिंगमध्ये पेपर त्या परवानगीपायी महिनोन्‌महिने अडकून राहू शकतो.