खेळण्यात शिसं नाही हे घरी कसं ओळखायचं?

रंग किंवा वासावरून ओळखता येत नाही. खेळण्यावर किंवा खोक्यावर आयएसआय मार्क आहे का ते बघा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे. त्यामागच्या आयएस ९८७३ मानकाच्या भाग ३ मध्ये शिसं, कॅडमियम अशी ८ मूलद्रव्यं खेळण्यातून किती पाझरलेली चालतील याची मर्यादा आहे (शिशासाठी किलोमागे ९० मिलिग्रॅम), तर भाग ९ प्लास्टिक मऊ करणाऱ्या थॅलेट्सबद्दल आहे. मार्क खोटाही छापलेला असू शकतो, म्हणून त्याखालचा सीएम/एल क्रमांक (उत्पादकाचा परवाना क्रमांक) भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून उत्पादकाचं नाव जुळतं का ते नक्की तपासा. मात्र नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या खेळण्यांना मार्कची सक्ती नाही. तिथे रंग कोणता वापरलाय ते विचारूनच घ्या, विशेषतः बाळ सगळं तोंडात घालत असेल तर.